लोकरीवर उभे राहिलेले शहर : पुंता अरेनास

(द्वितीय वर्ष, कला)

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर बोट ठेवून खाली खाली येत गेले की जमीन निमुळती होत जाते, मग तिचे तुकडे पडू लागतात आणि शेवटी बेटांच्या चुऱ्यातून बोट समुद्रात उतरते. त्या चुऱ्याला लागून, मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या काठावर, एक ठिपका आहे. त्याचे नाव पुंता अरेनास. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'वाळूचे टोक'. हे शहर चिली या देशात, दक्षिण अक्षांश ५३ वर आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरात शेकोट्या पेटतात तेव्हा तेथे उन्हाळा असतो आणि रात्री दहा वाजेपर्यंत उजेड राहतो. उन्हाळा म्हणजे मात्र आपल्या महाबळेश्वरच्या थंडीइतकाच. वारा असा की जोराच्या दिवसांत रस्त्याच्या कडेने दोर बांधतात आणि लोक त्यांना धरून चालतात.

आमच्या इतिहासाच्या सरांनी यंदा वार्षिकासाठी "एका शहराचा अभ्यास" हा विषय दिला, तेव्हा मैत्रिणींनी विजापूर, औरंगाबाद, पैठण अशी शहरे घेतली. मी हे शहर घेतले म्हणून वर्गात थोडा हशा झाला. "तुझे कोण राहते तिथे?" असे एकीने विचारले. माझे तेथे कोणी राहत नाही आणि मी ते शहर पाहिलेलेही नाही. पण ग्रंथालयात त्याविषयी वाचताना एक वाक्य आले की हे शहर मेंढ्यांच्या लोकरीवर मोठे झाले, आणि माझे डोळे तेथेच थांबले. मी धनगराची मुलगी आहे. आमचे आबा दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाच्या अंगाला उतरतात आणि मृगाच्या तोंडाला परत येतात. मी आजीजवळ गावी राहून शिकले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. मेंढरावर एखादे शहर उभे राहते, त्यात राजवाडे होतात, ही गोष्ट मला नवी होती. ते शहर कसे उभे राहिले, हे त्याच्या चौकांतून, स्मारकांतून आणि प्रार्थनामंदिरांतून समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ

युरोपीयांच्या दृष्टीने या प्रदेशाचा इतिहास १५२० मध्ये सुरू होतो. फर्डिनांड मॅगेलन हा पोर्तुगीज दर्यावर्दी स्पेनच्या राजाची जहाजे घेऊन पश्चिमेकडून मसाल्याच्या बेटांकडे निघाला होता. आपल्या वाचकांना हे सांगितले पाहिजे की मॅगेलनला हिंदुस्थान परका नव्हता. १५०५ साली पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय आल्मेइदा याच्या आरमाराबरोबर तो तरुणपणीच इकडे आला होता आणि त्याने या किनाऱ्यावर काही वर्षे काढली होती. पुढे पोर्तुगालच्या राजाशी त्याचे बिनसले आणि तो स्पेनच्या चाकरीत गेला. १५२० च्या ऑक्टोबरात त्याला जमिनीत शिरणारी एक वाट सापडली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तो पलीकडच्या महासागरात बाहेर पडला. सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीची ही वाट म्हणजेच मॅगेलनची सामुद्रधुनी. तो स्वतः १५२१ मध्ये फिलिपाइन्समध्ये मारला गेला. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये परतले ते त्याचे एक जहाज आणि त्यावरची अठरा माणसे.

यानंतर तीन शतके जहाजे येथून गेली, पण काठावर युरोपीयांची वस्ती टिकली नाही. स्वतंत्र झालेल्या चिलीने १८४३ मध्ये सामुद्रधुनीवर आपला हक्क सांगण्यासाठी फुएर्ते बुल्नेस नावाचा लाकडी किल्ला बांधला. ती जागा फारच कठीण निघाली, म्हणून १८४८ च्या डिसेंबरात साठेक किलोमीटर उत्तरेकडे नवी वस्ती वसवली. तीच पुंता अरेनास. सरकारने तिचा उपयोग प्रथम कैद्यांची वसाहत म्हणून केला. म्हणजे हे शहर आरंभी कोणी हौसेने येऊन राहण्याचे गाव नव्हतेच.

चौक

शहराच्या मध्यभागी मुख्य चौक आहे. स्पॅनिश लोक जेथे जेथे गेले तेथे त्यांनी शहर आखताना प्रथम चौक आखला, मग त्याच्याभोवती देऊळ, कचेरी आणि प्रतिष्ठितांची घरे. चिलीनेही तोच रिवाज चालवला. या चौकाचे नाव मुन्योस गामेरो. हा येथला गव्हर्नर होता. १८५१ साली कांबियासो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कैदी आणि शिपाई यांना घेऊन बंड केले. त्या बंडात गव्हर्नर मारला गेला, वसाहत जाळली गेली. बंडवाल्यांना पुढे पकडून देहदंड दिला गेला. १८७७ मध्ये पुन्हा एकदा शिपायांचे बंड झाले आणि गाव पुन्हा होरपळले. आज त्या चौकात मोठी झाडे आहेत, बसायला बाके आहेत. छायाचित्र पाहून कोणाला वाटणार नाही की या शांत जागेला एका खून झालेल्या अधिकाऱ्याचे नाव आहे.

चौकाच्या मधोमध मॅगेलनचे स्मारक आहे. सामुद्रधुनीच्या शोधाला चारशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९२० च्या डिसेंबरात त्याचे अनावरण झाले. शिल्पकार गिलेर्मो कोर्दोवा हा चिलीचाच. खर्च होसे मेनेंदेस या मेंढीसम्राटाने ठेवलेल्या पैशातून झाला. अनावरण पाहायला तो स्वतः नव्हता, तो १९१८ मध्येच वारला होता. स्मारकाची रचना अशी : उंच चौथऱ्यावर मॅगेलन उभा आहे. खाली पायथ्याशी या भूमीचे मूळ रहिवासी बसले आहेत. एक पातागोनियाच्या मुख्य भूमीवरचा आओनिकेंक, दुसरा सामुद्रधुनीपलीकडच्या तिएरा देल फुएगो बेटावरचा सेल्कनाम. वरच्याचे नाव जगाला ठाऊक आहे. खालच्या दोघांना फक्त जमातीचे नाव आहे.

या स्मारकाविषयी एक मौजेची रीत सांगतात. खाली बसलेल्या मूळ रहिवाशाच्या पायाचा अंगठा चौथऱ्याच्या बाहेर आला आहे. त्याला हात लावला किंवा त्याचे चुंबन घेतले की माणूस या शहरात पुन्हा परत येतो, अशी समजूत आहे. हजारो हातांनी तो अंगठा घासून सोन्यासारखा चकाकत असतो. बाकी सारा पुतळा काळपट. मॅगेलनच्या पायापर्यंत कोणाचा हात पोचत नाही.

वाडे

चौकाच्या कडेलाच सारा ब्राउनचा वाडा आहे. येथून मेंढरांची कथा सुरू होते.

१८७७ च्या सुमारास फॉकलंड बेटांवरून सुमारे तीनशे मेंढ्या येथे आणल्या गेल्या. तेथली आणि येथली हवा सारखीच, म्हणून त्या जगल्या. जगल्याच नव्हे तर वाढल्या. काही दशकांत संख्या लाखांवर गेली. इंग्लंडमधल्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि सामुद्रधुनीतून जाणारी जहाजे दारातच उभी राहत. पनामा कालवा १९१४ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत अटलांटिकमधून प्रशांत महासागरात जाणाऱ्या आगबोटींचा हाच मार्ग होता. कोळसा, पाणी, मांस घ्यायला त्या येथे थांबत. जाताना लोकर घेऊन जात.

यातून जी घराणी वर आली ती सारी बाहेरून आलेली आणि आरंभी गरीबच होती. होसे मेनेंदेस स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातून आला. होसे नोगेरा हा पोर्तुगीज खलाशी. सारा ब्राउन ही तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या आणि आज लॅटव्हियात मोडणाऱ्या गावातील ज्यू कुटुंबातली. १८७४ साली आईबापांबरोबर ती येथे आली तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. पुढे तिचे नोगेराशी लग्न झाले. नोगेराने सरकारकडून तिएरा देल फुएगोवर सुमारे दहा लाख हेक्टर जमीन चरणीसाठी मिळवली. १८९३ मध्ये तो वारला. त्याच वर्षी ती जमीन चालवण्यासाठी एक मोठी कंपनी उभी राहिली. साराने आणि तिचा भाऊ मौरिसिओ याने कारभार पाहिला. त्या काळात एका विधवा बाईने एवढा व्यवहार सांभाळला ही गोष्ट लहान नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

साराचा वाडा नुमा मेयेर या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने बांधला. काम १८९५ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. सामान युरोपातून जहाजाने आले. वाड्याला काचेची एक खोली आहे, तिच्यात द्राक्षाचा वेल वाढवला. बाहेर झाडे वाऱ्याने वाकडी होतात अशा गावात आत द्राक्षे! आज वाड्याच्या एका भागात हॉटेल आहे. मौरिसिओने मेनेंदेसची मुलगी केली, म्हणजे दोन मोठी घराणी सोयरी झाली. त्यांचा वाडा जवळच्याच रस्त्यावर आहे. तेथे आज प्रादेशिक वस्तुसंग्रहालय असून दिवाणखाने जसेच्या तसे ठेवले आहेत.

येथे मला एक गंमत सांगाविशी वाटते. आम्हा धनगरांतही 'वाडा' हा शब्द आहे. चार-सहा कुटुंबे आपापली मेंढरे घेऊन बरोबर फिरतात, त्याला आम्ही वाडा म्हणतो. रात्री वाघर लावून मेंढरे आत घ्यायची, बाहेर घोंगडी टाकून आपण झोपायचे. सकाळी ज्याच्या शेतात मेंढरे बसवली तो खताच्या बदल्यात धान्य देतो. आमचा वाडा घोड्याच्या पाठीवर मावतो. मेंढरू तेच, लोकर तीच, आणि एकीकडे हा वाडा, दुसरीकडे तो. फरक मेंढरात नाही, जमीन कोणाच्या नावावर आहे यात आहे, असे मला वाटते.

प्रार्थनामंदिरे

चौकाच्या एका बाजूला कॅथेड्रल आहे. ते येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेले आहे. बांधणी विटांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू होऊन विसाव्याच्या आरंभी ते उभे राहिले. हुआन बेर्नाबे नावाच्या धर्मगुरूनेच त्याचा आराखडा केला. तो सालेशियन पंथाचा. या पंथाचे लोक फादर फाग्नानो यांच्या नेतृत्वाखाली १८८७ मध्ये येथे आले. त्यांनी शाळा काढल्या आणि १८९३ मध्ये एक वस्तुसंग्रहालय सुरू केले. मूळ रहिवाशांची अवजारे, वस्त्रे, होड्या तेथे जपून ठेवल्या आहेत.

शहरात इंग्रजांचेही एक छोटे लाकडी प्रार्थनामंदिर आहे, सेंट जेम्सचे. फॉकलंडच्या मेंढ्यांबरोबर इंग्रज आणि स्कॉटिश मेंढपाळ, मुकादम, कारकून आले होते. त्यांनी आपली चाल येथेही आणली. त्याशिवाय आड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरून क्रोएशियन लोक फार मोठ्या संख्येने आले, आणि त्यांचे वंशज आजही येथे आहेत. गावातील रंगीत पत्र्याची घरे पाहताना हे ध्यानात ठेवावे की येथे आलेला प्रत्येक जण कोठून तरी गरिबीला कंटाळून आलेला होता. देव त्याने बरोबर आणला होता, घर मागून बांधले.

परंतु धर्मगुरूंच्या कामाची एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याखेरीज हा लेख खरा होणार नाही. तिएरा देल फुएगोवर कंपनीने तारेची कुंपणे घातली. सेल्कनाम लोक ग्वानाको नावाच्या उंटवर्गीय जनावराच्या शिकारीवर जगत. कुंपणाने ग्वानाको मागे हटले, त्यांच्या जागी मेंढ्या आल्या. सेल्कनामांनी मेंढ्या मारून खायला सुरुवात केली. ते मेंढीला 'पांढरा ग्वानाको' म्हणत. मग त्यांना चोर ठरवून त्यांची शिकार सुरू झाली. पैसे घेऊन माणसे मारणारे लोक ठेवले गेले. १८८० च्या सुमारास तीन-चार हजार असलेली ही जमात पुढच्या तीस-चाळीस वर्षांत मूठभरांवर आली. जे वाचले त्यांना सालेशियनांनी डॉसन बेटावरच्या आपल्या मिशनमध्ये ठेवले. जिवे मारण्यापेक्षा ते बरे, असा त्यांचा विचार असावा. पण तेथे बंद घरांत, नव्या कपड्यांत, नव्या आजारांनी ती माणसे मेली. १९११ मध्ये मिशन बंद झाले. १८९५ मध्ये तर दीडशेहून अधिक सेल्कनाम स्त्रिया, पुरुष आणि मुले याच पुंता अरेनासमध्ये आणून घरोघर वाटून टाकण्यात आली. त्याची न्यायालयीन चौकशी सुरू झाली आणि कित्येक वर्षे चालली, परंतु मोठ्यांपैकी कोणाला शिक्षा झाली नाही.

हे वाचले त्या दिवशी मला पुढे लिहिता आले नाही. मी मेंढरांच्या अभिमानाने या विषयाकडे आले होते. मेंढरू म्हणजे आमच्या घरात लक्ष्मी. आमच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्यांनी कुंपणे घातली आणि आमची चरणीची राने बंद झाली, असाच अनुभव आहे. येथे मेंढरासाठीच कुंपण घालून दुसऱ्याचे रान बंद केले होते.

दोन मेंढपाळ

वार्षिक परीक्षेनंतर आबा घरी आले तेव्हा मी त्यांना शहराची छायाचित्रे दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रातले सारे कळते. वाडे पाहून ते काही बोलले नाहीत. मग बुल्नेस नावाच्या रस्त्यावरचे एक स्मारक दाखवले. त्याचे नावच 'मेंढपाळ'. हेर्मान मोंतेरो या शिल्पकाराचे हे काम १९४४ चे. एक माणूस वाऱ्याच्या विरुद्ध वाकून चालला आहे, बरोबर घोडा आहे, कुत्रा आहे आणि मेंढरांचा कळप आहे. चौथरा उंच नाही. रस्त्याने जाणारा त्यांच्याबरोबरच चालतो आहे असे वाटते.

आबांनी ते चित्र बराच वेळ पाहिले. म्हणाले, "ह्यो माणूस बघून केलाय. कुत्रं कुटं असावं, त्येला ठावं हाय." मग थोड्या वेळाने विचारले, "नाव काय गं ह्येचं?"

मी म्हणाले, "नाव नाही आबा. कोणीही मेंढपाळ. सगळ्यांचा मिळून एक पुतळा आहे."

"मग त्यो वर हुबा हाय, त्येला नाव हाय का?" त्यांनी मॅगेलनच्या चित्राकडे बोट केले.

"आहे."

"आन् हे खाली बसल्यात त्येंला?"

मी नाही म्हणाले. मग कुंपणाची आणि शिकारीची सारी हकिगत त्यांना सांगितली. वाटले होते, ते मेंढरांची बाजू घेतील. त्यांनी एवढेच विचारले, "रान न्हेलं, जनावर हाकललं. मग त्या लोकांनी खायाचं काय?"

मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात त्या काळच्या कंपनीने, गव्हर्नरने किंवा सरकारने हा प्रश्न इतक्या सरळ विचारलेला मला आढळला नाही.

ज्या मजुरांच्या श्रमावर ही लोकर निघत होती त्यांचेही फार चांगले चालले नव्हते. त्यांनी १९११ मध्ये मागालानेस कामगार संघ स्थापन केला. कातरणीचे मजूर, खाटीकखान्यातले, गोदीतले असे सारे त्यात आले. त्यांचा स्वतःचा छापखाना होता, 'एल त्राबाखो', म्हणजे 'श्रम', या नावाचे वर्तमानपत्र होते. १९२० च्या २७ जुलैला पहाटे शस्त्रधारी लोकांनी संघाच्या इमारतीवर हल्ला केला आणि ती पेटवून दिली. आत माणसे होती. हे त्याच वर्षी घडले ज्या वर्षी, पाच महिन्यांनंतर, त्याच गावात मॅगेलनच्या स्मारकाचे समारंभाने अनावरण झाले. या दोन तारखा मी वहीत एकाखाली एक लिहिल्या तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतिहासाच्या पुस्तकात त्या वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, पण गावातल्या माणसाने त्या एकाच वर्षात पाहिल्या असतील.

त्यांत एक पाहणारी बाई आपल्याला माहीत आहे. गाब्रिएला मिस्त्राल ही पुढे १९४५ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारी कवयित्री. १९१८ ते १९२० या काळात ती पुंता अरेनासच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. ती स्वतः गरीब घरातली. वयाच्या पंधराव्या वर्षापासूनच तिने शाळांतून काम करायला सुरुवात केली होती. तिच्या पहिल्या कवितासंग्रहात या प्रदेशाची थंडी आणि एकाकीपणा उतरला आहे, असे अभ्यासक सांगतात. कला शाखेच्या विद्यार्थिनींनी तिच्याविषयी अवश्य वाचावे.

दफनभूमी

शहराची दफनभूमी प्रेक्षणीय आहे असे म्हटले तर आपल्याकडे विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. ती १८९४ ची. सुरूसारखी झाडे कातरून गोल, गुळगुळीत केलेली आणि त्यांच्यामधून रस्ते. थडग्यांवर स्पॅनिश, इंग्रजी, जर्मन, क्रोएशियन नावे. श्रीमंत घराण्यांच्या कबरी लहान देवळांएवढ्या. प्रवेशद्वार सारा ब्राउनने बांधून दिले आणि आज ही दफनभूमी तिच्याच नावाने ओळखली जाते. अशी आख्यायिका सांगतात की मधल्या दारातून आपला देह आत न्यावा आणि मग ते दार कायमचे बंद करावे, अशी तिने अट घातली होती. ती १९५५ मध्ये वारली. मधले दार बंद असते, लोक बाजूच्या दारांनी जातात.

याच दफनभूमीत एक साधा पुतळा आहे. त्याला 'अज्ञात इंडियन' म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरच्या एका बेटावर मरण पावलेल्या एका मूळ रहिवाशाचा देह येथे आणून पुरला. त्याचे नाव कोणाला माहीत नव्हते. हळूहळू लोक तेथे मेणबत्त्या लावू लागले, नवस बोलू लागले. पुढे त्याचा पुतळा झाला. आज त्याच्याभोवती आभार मानणाऱ्या लहान लहान पाट्या दाटीने लावलेल्या आहेत. आजार बरा झाला, परीक्षा पास झालो, नोकरी लागली.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट समजायला कठीण नाही. रानात अपघाताने मेलेल्याचा दगड असतो, त्याला शेंदूर लागतो, मग नारळ फुटू लागतो. जिवंत असताना ज्याला कोणी विचारले नाही त्याच्यापुढे मेल्यावर लोक हात जोडतात. त्यात भक्ती किती आणि मनाला लागलेली टोचणी किती, हे सांगणे अवघड आहे. चौकातला अंगठा घासणारे हात आणि दफनभूमीतील पाट्या लावणारे हात एकाच गावचे आहेत.

समारोप

या शहराची कथा येथे संपत नाही. १९८३ पासून ब्राउन-मेनेंदेसांच्या वाड्यात वस्तुसंग्रहालय आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात चिलीभर निदर्शने चालू असताना पुंता अरेनासमध्ये होसे मेनेंदेसचा अर्धपुतळा लोकांनी उखडला आणि चौकातल्या मूळ रहिवाशाच्या पुतळ्याच्या पायांशी नेऊन ठेवला. पुतळे पाडावेत या मताची मी नाही. पाडलेल्या पुतळ्याबरोबर त्याची कथाही जाते. परंतु तो कोठे नेऊन ठेवला, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

त्याहून मोठी गोष्ट २०२३ मध्ये घडली. सेल्कनाम ही जमात नष्ट झाली असे कित्येक पुस्तकांत छापलेले होते. पण घरोघर वाटलेल्या त्या मुलांची मुले-नातवंडे होतीच. ती एकत्र आली, त्यांनी आपला हक्क मांडला आणि चिलीच्या कायद्याने सेल्कनामांना देशाच्या मूळ लोकांपैकी एक म्हणून मान्य केले. पुतळ्यात बसवलेली माणसे कायद्यात जिवंत झाली.

हा अभ्यास करताना मला आमच्या गावच्या शाळेची आठवण वारंवार झाली. तिच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर देणगीदारांची नावे कोरली आहेत. देणगी दिली नसती तर शाळा झाली नसती, म्हणून ती नावे योग्यच आहेत. पण त्या भिंतीचे दगड ज्या बायांनी नदीवरून डोक्यावर आणले त्यांत माझी आजी होती. ती कधी त्या शाळेत गेली नाही. मी पहिलीत त्याच पाटीखाली बसून मुळाक्षरे शिकले आणि मला हे बाराव्या वर्षापर्यंत माहीतही नव्हते. आजीला मुद्दाम विचारले तेव्हा तिने त्या बारा-तेरा बायांची नावे एका दमात सांगितली. मी ती वहीत उतरवून ठेवली आहेत.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या गावी चौक असतो, चौकात पुतळा असतो, देवळाच्या पायरीवर नाव कोरलेले असते. तेथून जाताना ते नाव वाचावे, कोणत्या साली कोणी बसवले ते पाहावे आणि मग गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे की ज्यांचे नाव येथे नाही असे कोण कोण होते. ती माणसे आहेत तोपर्यंतच हे विचारता येईल.

आबा या वेळी निघताना ते मेंढपाळाचे चित्र मागून घेऊन गेले. वाड्यातल्या इतरांना दाखवायचे म्हणाले. मी त्याच्या मागे शिल्पकाराचे नाव आणि साल लिहून दिले आहे.